टायटॅनियमचा दात आणि हाडाची पकड

गेल्या पावसाळ्यात वज्रेश्वरीच्या माझ्या दवाखान्यात एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. आम्ही सारे त्यांना तात्या म्हणतो. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. आत बोटाच्या पेराएवढाही नसेल असा राखाडी स्क्रू होता. चार महिन्यांपूर्वी शहरात जाऊन बसवलेला हा दाताचा इम्प्लांट. वर दात बसवायला गेले तर तो सैल लागला, म्हणून काढावा लागला. ग्रॅच्युइटीचे पैसे गेले होते. "डॉक्टर, महागातला घेतला असता तर धरला असता का?" तात्यांनी विचारले.

मी दंतवैद्य नाही. पण प्रश्न हाडाचा आहे, आणि हाड सगळ्या डॉक्टरांचे असते.

टायटॅनियम आणि हाडाचे सख्य योगायोगाने कळले. १९५२ साली स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण नंतर निघेचना. हाड त्याला घट्ट धरून बसले होते. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. २००६ मध्ये लार्सन वारले, तोवर ते त्यांनी वापरले.

ते जुने स्क्रू यंत्रावर कातलेले, बऱ्यापैकी गुळगुळीत होते. हाड धरायला खालच्या जबड्यात तीन आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबावे लागे. पुढे त्यांचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करू लागले. बारीक कणांचा जोरदार मारा करायचा, मग आम्लात बुडवायचे. आपल्या आया-आज्या पाटा-वरवंटा गुळगुळीत झाला की टाकी लावून घेत, तसलाच हा प्रकार. फक्त इथले खड्डे एक-दोन मायक्रॉनचे. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा.

स्क्रू बसवल्यावर त्याभोवती प्रथम रक्ताची गुठळी होते. तिचे तंतू खडबडीत धातूला चांगले चिकटतात आणि हाड बांधणाऱ्या पेशी त्या तंतूंवरून सरकत थेट धातूपर्यंत पोचतात. मौजेची गोष्ट म्हणजे, प्रयोगशाळेत अशा पृष्ठभागावर या पेशींची संख्या उलट हळू वाढते. पण त्या लवकर पक्व होतात आणि हाडाचा मालमसाला जास्त तयार करतात. माणसे थोडी, पण कसबी गवंडी! त्यामुळे चांगले हाड असेल तर आता सहा ते आठ आठवड्यांतही वर दात बसवता येतो. मात्र खडबडीतपणाला मर्यादा आहे. हिरडी खाली सरकून तो भाग उघडा पडला, तर तिथे जंतूही तितकेच घट्ट बसतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास एक नाजूक काळ येतो. स्क्रूला सुरुवातीला आवळून धरणारे जुने हाड झिजत असते आणि नवे पुरते भरलेले नसते. त्या वेळी रक्तातील साखर चढलेली असेल तर पेशींचे काम मंदावते. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, पेशींना रसदच पोचत नाही. तात्यांना बारा वर्षे मधुमेह. पुडीतला स्क्रू भिंगाखाली पाहिला, तो खडबडीतच होता. महागाचा-स्वस्ताचा प्रश्न तिथेच मिटला. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी केली, ती ९.८ आली. सात-साडेसातच्या आत हवी होती. शहरात कुणी ती विचारली नाही, हे खरे. पण वर्षभर तात्या माझ्याकडून गोळ्या नेत होते आणि मीही ती केली नव्हती. हे मी त्यांना सांगितले. सांगताना बरे वाटले नाही.

हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून ज्यांना आठवड्याची गोळी किंवा वर्षाचे इंजेक्शन चालू आहे, त्यांनीही जबड्यात काही करण्याआधी दंतवैद्याला ते जरूर सांगावे.

तात्यांची साखर आता ७.१ वर आली आहे. दिवाळीनंतर पुन्हा स्क्रू बसवायचा विचार आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी मिश्रीची डबी माझ्या टेबलावर आणून ठेवली. दुसरी घरी फडताळात आहे, असे त्यांच्या सौ. जाता जाता सांगून गेल्या.