काच आधी, हीटर नंतर

सिमला, मनाली, लेह अशा थंड गावांत घराला लागून काचेची एक खोली काढायची पद्धत चांगलीच रुळली आहे. लडाखमध्ये तिला 'शेलखांग' म्हणतात. दिवसा तिथे मुले अभ्यासाला बसतात, आजीआजोबा उन्हात पाठ शेकतात. पण नियोजन चुकले तर रात्री हीच खोली घरातली सर्वांत गार जागा होते. मग एकामागून एक हीटर आणले जातात आणि विजेचे बिल फुगते. म्हणून खोली वाढवताना आधी दिशा, मग काच, मग दार आणि शेवटी हीटर, असा क्रम ठेवावा.

दक्षिणेची बाजू निवडा

लेह सुमारे ३४ अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेरीस तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२-३३ अंश वर येतो. त्यामुळे दक्षिणेच्या उभ्या काचेतून ऊन आत खोलवर येते. जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा दोन फुटांचा छज्जाही ऊन बाहेर अडवतो. छत मात्र काचेचे नको. उन्हाळ्यात खोलीची भट्टी होते आणि हिवाळ्याच्या रात्री ऊब वरून निघून जाते.

एकेरी की दुहेरी काच?

समजा, खोलीला ६० चौरस फूट काच आहे आणि बाहेरच्यापेक्षा आतले तापमान २० अंशांनी जास्त आहे. एकेरी काचेतून रात्रीच्या दहा तासांत सुमारे साडेसहा युनिट विजेइतकी उष्णता निघून जाते. मध्ये हवेची बंद पोकळी असलेल्या दुहेरी काचेतून त्याच्या निम्मीच जाते. शंभर रात्रींचा हिशेब केला, तर तीनशेहून अधिक युनिट वाचतात. दुहेरी काच परवडत नसेल, तर काचेचा आकार कमी करा, उत्तरेची बाजू भरीव ठेवा आणि रात्री जमिनीपर्यंत पोचणारे जाड पडदे सोडा. चौकटीच्या फटी मात्र दोन्ही प्रकारांत बुजवायलाच हव्यात.

मधली भिंत पाडू नका

मोठा हॉल मिळावा म्हणून जुनी भिंत पाडण्याचा मोह होतो. पण दगडामातीची जाड भिंत दिवसा ऊन साठवते आणि रात्री ती ऊब हळूहळू परत देते. तिला पक्के दार ठेवा. दिवसा ते उघडा, म्हणजे काचेच्या खोलीतली गरम हवा घरात येईल. ऊन उतरताच बंद करा.

जिवाशी खेळ नको

एवढे केल्यावर लहानसा हीटरही बहुधा पुरतो. दोन हजार वॉटच्या हीटरला पंधरा अँपिअरचा स्वतंत्र प्लग हवा. बुखारी बसवायची असेल, तर तिचे धुराडे घराबाहेर काढा आणि नळीचे सांधे दर हिवाळ्याआधी तपासून घ्या. कोळशाची उघडी शेगडी मात्र कधीही आत आणू नका. फटी बुजवलेल्या खोलीत ऊब कोंडते, तसा कार्बन मोनॉक्साइडही कोंडतो. या वायूला ना रंग, ना वास. झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच तो प्राण घेतो. बुखारी असली तरी हवेसाठी एक झरोका उघडा राहू द्या. त्यातून थोडी ऊब गेली, तरी चालेल.