ताव, रिम, फर्मा : छापील पानाचं आयुष्य कुठे ठरतं?

ऑक्टोबर १७२४मध्ये साखरखेर्ड्यापाशी निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली. मुबारिजखान मारला गेला, दख्खनेत निजामाचं बस्तान बसलं आणि विजयाची खूण म्हणून गावाला फत्तेखेर्डा हे नाव मिळालं. बाजीराव पेशवे त्या लढाईत निजामाच्या बाजूने होते. आज सिंदखेडराजा तालुक्यातलं हे गाव लोकांना ठाऊक आहे ते पलसिद्ध महास्वामींच्या मठामुळे आणि प्रल्हाद महाराजांच्या स्थानामुळे. पण त्या लढाईच्या शतकातली पत्रं, यादी, हिशेब यांचे रुमालच्या रुमाल पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत आणि मोडी येणारा माणूस ते आजही बिनघोर उलगडून वाचतो. उलट, १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, त्या सुमाराची छापील पुस्तकं ग्रंथालयात मागवून पाहा. पान उलटताना कोपरा हातात येतो. तीनशे वर्षांपूर्वीचा कागद धड आणि शंभर वर्षांपूर्वीचा भुसभुशीत, असं का व्हावं?

हातकागदापासून सुरुवात करू. जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा ही महाराष्ट्रातली कागदाची नामांकित ठिकाणं. तिथले कागद बनवणारे कागदी चिंध्या, ताग, जुने दोर असा माल चुन्याच्या पाण्यात भिजवत, कुटत, धूत आणि पुन्हा कुटत. तयार झालेला लगदा हौदात सोडून गवताच्या काड्यांच्या जाळीवर एकेक ताव उचलत. ताव भिंतीला चिकटवून वाळवायचा, त्याला खळ लावायची आणि मग गुळगुळीत दगडाने घोटायचा. खळीमुळे बोरूची शाई फुटत नाही आणि घोटल्यामुळे बोरू अडकत नाही. या सगळ्यात चुना फार महत्त्वाचा. तो तंतूंमध्ये थोडा शिल्लक राहतो आणि पुढे हवेतून, शाईतून येणारं आम्ल शोषून घेतो. कागद्यांनी तो टिकाऊपणाच्या शास्त्रासाठी घातला नव्हता, चिंध्या कुजवून मऊ करण्यासाठी घातला होता. पण दफ्तरखान्याला त्याचा फायदा तीन शतकं मिळत आला.

यंत्राचा कागद वेगळ्या वाटेने आला. फ्रान्समध्ये निकोला लुई रोबेरने १७९९च्या सुमाराला सलग कागदाचं यंत्र बनवलं. १८०७ साली जर्मनीत मोरिट्झ इलिगने राळ आणि तुरटी वापरून लगद्यातच खळ मिसळण्याची पद्धत सांगितली. ती स्वस्त होती, झटपट होती आणि जगभरच्या गिरण्यांनी ती उचलली. पुढे चिंध्यांऐवजी लाकूड आलं. तुरटीतून सुटणारं आम्ल कागदाच्या तंतूंना आतून तोडत राहतं, आणि लाकूड नुसतं घासून लगदा केला असेल तर त्यात राहिलेला लिग्निन हा लाकडातला घटक उजेडाने पिवळा पडतो. वर्तमानपत्राचा कागद म्हणजे न्यूजप्रिंट चार दिवस खिडकीत राहिला की पिवळा पडतो, तो याच लिग्निनमुळे. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर जुन्या पुस्तकांच्या चाचण्या घेऊन आम्लाचा हा दोष पुराव्यानिशी मांडला. आपल्याकडच्या गेल्या शतकातल्या पुस्तकांचे भुगे त्याच दोषाचे आहेत. लेखक, प्रकाशक, वाचक, कुणाचीच त्यात हयगय नव्हती.

आपल्या विदर्भाला कागदाची गिरणी नवी नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरच्या गिरणीची कंपनी १९४५ साली थापर समूहाने उभी केली आणि जंगलातला बांबू हा तिचा मुख्य कच्चा माल होता. बांबूचे तुकडे करायचे, कॉस्टिक आणि सल्फाइडच्या द्रावणात दाबाखाली शिजवायचे, लिग्निन विरघळलेलं काळं पाणी वेगळं काढून बॉयलरमध्ये जाळायचं, आणि उरलेला लगदा धुऊन पांढरा करायचा. मग तो धावत्या जाळीवर पातळ पसरतो, रुळांखाली पिळला जातो, गरम पिंपांवर वाळतो आणि शेवटी ‘कॅलेंडर’ नावाच्या यंत्राच्या रुळांमधून गुळगुळीत होऊन निघतो.

जाळीवर लगद्याचं पाणी पुढे धावत असतं, म्हणून तंतूही बहुतेक त्याच दिशेने आडवे होतात. छापखान्यात याला ‘ग्रेन’ म्हणतात. वहीचा कागद आधी उभा फाडून पाहा, मग आडवा. एका बाजूने तो रेघेसारखा सरळ फाटेल, दुसऱ्या बाजूने वेडावाकडा. पुस्तकात ग्रेन पाठीला समांतर हवा. तो आडवा गेला तर पावसाळ्यात पानं फुगून पाठीशी ओढाताण करतात आणि पुस्तक कधीच नीट उघडत नाही.

आता दुकानातली भाषा. कागद मोजायचा तावांत. २४ तावांचा दस्ता, २० दस्त्यांची रिम, म्हणजे ४८० ताव. हा जुना हिशेब. आता रिम ५०० तावांचीच धरतात. जाडी सांगायची जीएसएममध्ये, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. छापखान्यातला माणूस इंचातली लांबी, रुंदी आणि जीएसएम यांचा गुणाकार करतो, ३१००ने भागतो आणि रिमेचं वजन किलोत सांगतो. २३ बाय ३६चा, ७० जीएसएमचा कागद घेतला तर रिम साधारण १८.७ किलो भरते.

हा हिशेब पुस्तकाला लावून पाहू. समजा तालुक्यातल्या एखाद्या संस्थेला १६० पानांचं, डेमी आकाराचं पुस्तक हजार प्रती छापायचं आहे. डेमी ताव तीनदा दुमडला की १६ पानं होतात. त्याला एक फर्मा म्हणतात. १६० पानं म्हणजे १० फर्मे. २३ बाय ३६चा ताव दोन डेमी तावांचा असल्याने एका प्रतीला असे पाच ताव लागतील. हजार प्रतींना पाच हजार ताव, म्हणजे १० रिम, १८७ किलो, अधिक यंत्रावर वाया जाणारा कागद. संस्थेच्या चिटणिसाला हे गणित येत असेल तर कोटेशन वाचताना कागदाचा भाव आणि मजुरी वेगळी दिसते. १६८ पानांचं पुस्तक का महाग पडतं, हेही याच फर्म्यात आहे. वरच्या आठ पानांसाठी अर्धा फर्मा वेगळा लावावा लागतो.

मराठी छपाईची मुळं शिळाछापात आणि धातूच्या खिळ्यांत आहेत. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर पंचांग छापलं, पुढे जावजी दादाजी यांनी १८६९ साली निर्णयसागर काढला आणि त्यांच्या ओतशाळेतल्या खिळ्यांनी देवनागरीला देखणं रूप दिलं. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचे ते खिळे कंपोझिटर उभ्याने, केसमधून एकेक उचलून स्टिकमध्ये उलटे लावायचा. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या यांमुळे मराठीच्या कंपोझिटरला इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त घरं लक्षात ठेवावी लागत. ओळी गॅलीत उतरल्या की गॅलीप्रूफ निघायचं, मुद्रितशोधक ते तपासायचा आणि तरीही मुद्राराक्षस कुठेतरी हात मारून जायचा. ओळींमध्ये घालायची शिशाची पट्टी म्हणजे लेड. संगणकावर दोन ओळींतलं अंतर ठरवताना आज ‘लेडिंग’ म्हणतात, ते त्या पट्टीचंच नाव. या कारागिरांची नावं पुस्तकांवर नाहीत. त्यांच्या हातून गेलेल्या मराठीचा खरा इतिहास लिहायचा तर त्यांच्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

खिळे गेले, ऑफसेट आलं. पातळ अॅल्युमिनियमच्या प्लेटवर छापायचा भाग तेलकट शाई धरतो आणि मोकळा भाग पाणी धरतो. प्लेटवरची शाई रबरी ब्लँकेटवर आणि तिथून कागदावर जाते. रंगीत कामाला निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार प्लेटा. त्या एकमेकींवर केसभर सरकल्या की ‘रजिस्टर हललं’ म्हणतात. लग्नपत्रिकेवरच्या गणपतीच्या सोंडेला दुहेरी कड दिसली तर समजायचं, हाच प्रकार झाला आहे. आपल्या भागात बहुतेक पत्रिकांची कार्डं शिवकाशीहून किंवा दिल्लीच्या चावडी बाजारातून रंगीत छापूनच येतात. मेहकर-चिखलीच्या छापखान्यात त्यावर फक्त वधूवरांची नावं, मुहूर्त आणि ‘आमच्या मामाच्या लग्नाला’ची ओळ चढते. कार्ड जाड असेल तर घडीआधी क्रीझिंग करून घ्यावं, म्हणजे दाबून खाच पाडावी. नाहीतर घडीवरचा रंग तडकतो आणि खालचा पांढरा पुठ्ठा दिसतो.

पत्रिकेचं आयुष्य महिनाभराचं, तिथे हे चालून जातं. स्मरणिका, गावाचा इतिहास, मठाची परंपरा सांगणारा ग्रंथ यांचं तसं नाही. आपल्याकडे अशा कामाला हटकून चकचकीत आर्ट पेपर निवडतात, कारण फोटो उठून दिसतात. मला ही निवड चुकीची वाटते. आर्ट पेपरवर चिनी माती किंवा चुनखडीचा लेप असतो. तो ओला झाला की पानं एकमेकांना घट्ट चिकटतात, वाळल्यावर वीट होते आणि सोडवायला गेलं तर अक्षरं सोलून निघतात. पत्र्याच्या कपाटात ठेवलेल्या स्मरणिकांवर एका पावसाळ्यात ही वेळ येऊ शकते.

मजकुरासाठी मॅपलिथो घ्यावा. तो ऑफसेटसाठीच केलेला असतो, शाई नीट धरतो. वह्यांचा क्रीमवोव्ह स्वस्त पडतो, पण छपाईत तो जरा मऊ आणि शोषक असतो. अलीकडे बऱ्याच गिरण्या तुरटीऐवजी क्षारधर्मी खळ वापरतात आणि भर म्हणून चुनखडी घालतात. असा कागद ‘अॅसिड-फ्री’ म्हणून मिळतो. कागद्यांचा चुना आधुनिक रूपात परत आला, असं म्हणायला हरकत नाही. बांधणीत दोन पर्याय असतात. फर्म्यांच्या घड्या करून दोऱ्याने शिवल्या तर जुजबंदी, आणि पाठ कापून नुसता गरम गोंद लावला तर परफेक्ट बाइंडिंग. दुसरं स्वस्त आहे, पण कालांतराने गोंद कडक होऊन पानं सुटू लागतात.

ऑर्डर देताना कोटेशनवर चार गोष्टी लिहून घ्याव्यात : कागदाचा प्रकार आणि जीएसएम, तो अॅसिड-फ्री आहे की नाही, ग्रेन पाठीला समांतर, आणि बांधणी जुजबंदी.