टोफू कुरकुरीत का होत नाही?

विषय जाहीर झाल्यावर आम्हाला दोन तऱ्हेचे निरोप आले. पहिला : 'टोफूवर तासभर बोलण्यासारखं आहे तरी काय?' दुसरा : 'आमचा टोफू तव्याला चिकटतो, त्याचं काहीतरी सांगा.' दुसऱ्या तऱ्हेचे निरोप जास्त होते, म्हणून आज इथे दोन तवे आणि एक शेगडी घेऊन आलो आहोत.

बहुतेक घरांतली गोष्ट सारखीच असते. डॉक्टर सांगतात, प्रथिनं वाढवा. घर शाकाहारी, त्यात कुणाला दूध पचत नाही. मग टोफूचं पाकीट येतं. पनीरसारखाच दिसतो, म्हणून पनीरसारखेच तुकडे करून तव्यावर पडतात. तो पाणी सोडतो, तव्याला धरून बसतो, आणि उलटायला गेलं की वरचं साल तव्यावर राहून हातात भुगा येतो. घरातले म्हणतात, हे काय रबर आणलंय! उरलेलं अर्धं पाकीट फ्रीजमध्ये आंबतं आणि पुन्हा त्या घरात टोफू येत नाही. आम्हाला याचं वाईट वाटतं, कारण दोष टोफूचाही नसतो आणि करणाराचाही नसतो. पनीरची रीत त्याला लावली, एवढंच.

आणि ही वस्तू आपल्याला तशी परकीही नाही. देशात सोयाबीन सगळ्यात जास्त पिकतं ते मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात. विदर्भ-मराठवाड्यात कोसच्या कोस सोयाबीन उभं असतं. पण आपल्या ताटात ते येतं मुख्यतः तेल म्हणून. प्रथिनांचा भाग, म्हणजे पेंड, कोंबड्यांच्या खाद्यात जाते. मग आपण त्याच सोयाबीनच्या तेलात दुकानातून आणलेला टोफू तळतो आणि तो बिघडला की वैतागतो.

आता टोफू म्हणजे नेमकं काय, ते बघू. सोयाबीन भिजवायचं, वाटायचं, पाण्यात कालवून उकळायचं आणि गाळायचं. हे झालं सोयाचं दूध. त्यात क्षार घालून ते साकळवायचं. चीनमध्ये पूर्वापार जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट वापरतात. जपानमध्ये निगारी, म्हणजे समुद्राच्या पाण्यातून मीठ काढल्यावर उरणारा कडू क्षार. त्यात मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड असतं. चिनी परंपरा टोफूचं श्रेय दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या ल्यू आन या राजपुत्राला देते. ही आख्यायिका आहे, तिच्यावर पैज लावू नका. क्षार पडला की प्रथिनं एकमेकांना धरतात आणि त्यांची एक बारीक जाळी तयार होते. त्या जाळीत पाणी अडकून बसतं.

किती पाणी? पाकिटावर 'घट्ट' लिहिलेल्या टोफूतही १०० ग्रॅममागे साधारण ७० ते ८५ ग्रॅम पाणी असतं. पनीरला आपल्याकडच्या नियमाप्रमाणे ६० टक्क्यांच्या वर पाणी चालत नाही, आणि उरलेल्या कोरड्या भागात निम्म्याहून कमी स्निग्धांश असेल तर ते पूर्ण स्निग्धतेचं पनीर म्हणून विकता येत नाही. म्हणजे पनीर तव्यावर येतं तेच मुळी तुपकट अंगानं. शिवाय दुधातली थोडी साखर त्यात असते, तिच्यामुळे ते लवकर तांबूस होतं. टोफूकडे तूप कमी, साखर नावाला आणि पाणी भरपूर. सख्खी भावंडं वाटतात, पण स्वभाव अगदी वेगळे.

आता एक छोटा हिशोब. १ ग्रॅम पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला साधारण ३१५ ज्यूल उष्णता लागते. त्याच १ ग्रॅमची वाफ करायला मात्र सुमारे २२६० ज्यूल, म्हणजे सातपट. तव्याची बरीचशी ताकद या वाफेवर खर्च होते. आणि जोवर पृष्ठभागावर पाणी आहे, तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही. खमंगपणा आणि तांबूस रंग ज्या अभिक्रियेतून येतो, ती माइयार अभिक्रिया (माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ साली तिचं वर्णन केलं) जोमानं चालायला १४० अंशांच्या आसपास जावं लागतं. ओला टोफू तव्यावर टाकला म्हणजे आपण तो भाजत नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडतो.

हे ऐकलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात. टोफूवर पाच किलोचा डबा ठेवून रात्रभर दाबतात. तेही नको. दाबून निघतं ते पाणी काही चमचेच असतं, जाळीतलं बाकीचं पाणी दाबानं सुटत नाही. फार दाबला तर वडीला चिरा पडतात आणि आतून कोरडी, चिवट होते. आम्हाला आज सांगायचंय ते एवढंच आहे : टोफू वाळवायचा नाही, फक्त त्याची कातडी वाळवायची. कुरकुरीतपणा येतो तो मिलिमीटरभराच्या थरात. आतलं पाणी राहू द्या, त्यानंच तो मऊ लागतो.

तुमच्यापैकी जे मासे खातात त्यांना हे आधीच माहीत आहे. बोंबील! तो पाण्यानं इतका भरलेला असतो की हातात धरला तरी लोंबतो. तो कुणी तसाच तेलात सोडत नाही. चिरून उघडा करतात, फडक्यात पसरतात, वर पाटा नाहीतर वरवंटा ठेवतात, मग रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. पाणी काढा, कोरडं पीठ लावा, हलवू नका. ही सगळी विद्या किनाऱ्यावरच्या स्वयंपाकघरात कधीपासून आहे.

तर आमची रीत. २०० ग्रॅमची वडी घ्या. पाकिटातलं पाणी फेकून द्या. बोटाएवढ्या जाडीच्या, म्हणजे दीड सेंटिमीटरच्या सपाट चकत्या करा. चौकोनी ठोकळे करू नका. ठोकळ्याला सहा बाजू असतात आणि सहाही कुणी नीट परतत नाही. चकतीला दोनच मोठ्या बाजू. सुती फडक्यावर मांडा, वर दुसरं फडकं, त्यावर पोळपाट, पोळपाटावर पाण्यानं भरलेलं पातेलं. वीस मिनिटं पुरेत.

याहून चांगली एक युक्ती आहे, ती ऐकून लोक हसतात. पाणी काढायला टोफू पाण्यात टाका! (हशा) खरंच. उकळत्या पाण्यात चांगलं मीठ घाला, सारापेक्षा खारट लागेल इतकं, गॅस बंद करा आणि चकत्या त्यात पंधरा मिनिटं ठेवा. उष्णतेनं प्रथिनांची जाळी आवळते आणि पाणी बाहेर ढकलते. मीठ पृष्ठभागावरून थोडं आत शिरतं, त्यामुळे टोफू अळणी लागत नाही. आणि बाहेर काढल्यावर चकती गरम असते म्हणून तिची ओल पटकन उडते. फडक्यावर पाच मिनिटं ठेवा, हलक्या हातानं टिपा. बोट लावल्यावर कोरडं लागलं पाहिजे.

हे टिपणं फक्त चवीसाठी नाही. तेल १७० अंशांना आहे आणि पाणी १०० ला उकळतं. पाण्याचा थेंब तेलाखाली गेला की क्षणात त्याची वाफ होऊन तो कितीतरी पट फुगतो आणि तेल हातावर उडवतो. घरात लहान मूल ओट्याशी उभं असेल तर ही पायरी गाळू नका.

मग पीठ. दोन मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर, किंवा निम्मं तांदळाचं पीठ. त्यात चिमूटभर हळद आणि मिरपूड. पिठातला स्टार्च वरची उरलीसुरली ओल पिऊन घेतो, उष्णतेनं फुगतो आणि मग वाळून काचेसारखा कडक होतो. दाताखाली वाजतो तो हा थर. नुसत्या कॉर्नफ्लॉवरचा थर पातळ आणि हलका होतो. तांदळाच्या पिठानं तो जरा रांगडा होतो, पण जास्त टिकतो. बेसनही चालतं, मात्र मग ती भजीच्या वळणावर जाते. पीठ लावलं की लगेच तव्यावर. दहा मिनिटं तसंच ठेवलं तर त्याचा चिकट लेप होतो. लाल तिखट आणि लसणाची पेस्ट पिठात घालू नका. दहा मिनिटांच्या परतण्यात दोन्ही करपून कडू होतात, शेवटी वरून घाला.

आता हे दोन तवे बघा. डावीकडे पाकिटातून काढून तसाच टाकलेला टोफू, उजवीकडे मिठाच्या पाण्यातला, टिपलेला, पीठ लावलेला. दोन्हींत दोन-दोन मोठे चमचे तेल. तेल कमी केलं तर पीठ पांढरंच राहतं. इथे फार काटकसर कामाची नाही. तवा बिडाचा असला तर उत्तम, नॉनस्टिकही चालेल. स्टीलचा असेल तर तो आधी चांगला तापू द्या. आच मध्यम. चकत्यांमध्ये बोटभर जागा, नाहीतर एकीची वाफ दुसरीला लागते. झाकण ठेवायचं नाही.

आवाज ऐका. माईक जरा जवळ घेतो. डावीकडे फसफस आहे, जाड, ओला आवाज. उजवीकडे बारीक चर्र. हा आवाज म्हणजे बाहेर पडणारं पाणी. तो जसजसा बारीक होत जाईल तसतसं खालचं साल तयार होतंय असं समजा. स्वयंपाकात आम्ही तापमापकापेक्षा कानावर जास्त विसंबतो.

आणि आता काहीही करायचं नाही. हीच सगळ्यात अवघड पायरी. चार-पाच मिनिटं कालथ्याला हात लावू नका. ओली प्रथिनं तापल्या धातूला चिकटतात. तेवढ्यात खरवडलं तर साल तव्यावर राहतं. थर वाळून कडक झाला की चकती आपणहून सुटते. हलवून बघा, सरकली नाही तर अजून एक मिनिट थांबा. तिला ओढू नका. उजवीकडची सरकली, बघा. उलटली. रंग बघा. डावीकडची... हो, आम्हीही घरी अशाच बऱ्याच वड्या वाया घालवल्यात. (हशा)

दुसरी बाजू चार मिनिटं. काढून जाळीवर ठेवा, ताटात नको. ताटात खालची वाफ अडकते आणि साल मऊ पडतं.

मुरवण्याबद्दल नेहमी विचारलं जातं. पनीर टिक्क्यासारखं दही-मसाल्यात तासभर मुरवायचा का? कुरकुरीत हवा असेल तर नको. तेल आणि मसाल्यांचे बरेचसे सुवास पाणीदार जाळीत फारसे शिरत नाहीत, मसाला वरच बसतो आणि त्याची ओल पुन्हा तव्यावर येते. चव वरून द्या. कोरियात दुबू-बुचिम करतात ते असंच : टोफूच्या चकत्या तव्यावर परतायच्या आणि सोबत सोया सॉस, पातीचा कांदा, तीळ यांची चटणी. आपल्याकडे ओल्या लसणाची चटणी, चिंचेचं पाणी, काळा मसाला, काहीही चालेल, फक्त पानात वाढताना.

चीनमध्ये मात्र गंमत आहे. तिथल्या घरगुती पद्धतीच्या टोफूत तो आधी असाच परततात आणि मग मुद्दाम रश्श्यात सोडतात. साल तिथे वाजण्यासाठी नसतंच. त्याच्या सुरकुत्यांत रस्सा धरून राहतो आणि आतला मऊ टोफू फुटत नाही. तेव्हा तुमचा टोफू ताटात येईपर्यंत मऊ पडला तर रडू नका, रस्सा करा.

काही प्रश्न आलेत, ते घेऊ.

'टोफू फ्रीजरमध्ये ठेवला तर?' पाण्याचे स्फटिक होऊन जाळीला भोकं पडतात. वितळल्यावर तो स्पंजसारखा पिळता येतो. जपानमध्ये असा गोठवून वाळवलेला टोफू मिळतो, त्याला कोया पर्वताच्या नावावरून कोया-दोफू म्हणतात. रस्सा पिण्यात तो पटाईत, पण चावायला चिवट. आजच्या कामाला ताजाच बरा.

'उघडलेलं पाकीट किती दिवस?' स्वच्छ पाण्यात बुडवून, झाकून, फ्रीजमध्ये, पाणी रोज बदलून तीन-चार दिवस. आंबूस वास किंवा बुळबुळीतपणा आला तर फेकून द्या.

'थायरॉईडची गोळी चालू आहे.' सोयामुळे ती गोळी अंगात कमी शोषली जाऊ शकते. दोन्हींत किती तासांचं अंतर ठेवायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. इथे बसून आम्ही आकडा सांगणं बरोबर नाही.

शेवटची चिठ्ठी : 'सासूबाई ऐंशीच्या आहेत, दात नाहीत. वरणभाताशिवाय काही खात नाहीत. त्यांना हे कुरकुरीत काय उपयोगाचं?' ताई, मघाचीच चिनी रीत त्यांच्यासाठी आहे. चकत्या एक सेंटिमीटरच्याच करा, पीठ अगदी पातळ लावा, परता आणि गरम आमटीत किंवा टोमॅटोच्या सारात सोडून पाच-सात मिनिटं झाकून ठेवा. साल मऊ होईल, तुकडा अख्खा राहील आणि चमच्यानं कापला जाईल. भातात कालवायला बरा. पहिल्या दिवशी दोनच तुकडे द्या आणि टोफू आहे हे सांगू नका. (हशा)

उजवीकडचा दुसरा घाणाही झालाय. पुढच्या रांगेपासून देत जातो. चटणी डब्यात आहे. दहा मिनिटांच्या आत खा, त्यानंतर कुरकुरीत राहिला नाही तर तक्रार ऐकली जाणार नाही.