टॉप घरीच शिवा, पण आधी कागदावर

बाजारातला तयार टॉप छातीत बसला तर खांद्यावरून उतरतो, आणि खिसा तर नसतोच. म्हणून आमच्या साताऱ्याच्या घरी मुलींचे टॉप आम्ही घरीच शिवतो.

भगिनींनो, सुती कापड आधी भिजवून वाळवा, ते आटते. आम्ही एकदा आळस केला. टॉप पहिल्याच धुण्यात आखूड झाला आणि मुलीने तो पुन्हा अंगाला लावला नाही. कापडाचे पैसे गेले ते गेलेच.

मग जुन्या वर्तमानपत्रावर पेपर कटिंग करावे. छाती ३४ इंच असेल तर चौथा भाग साडेआठ. त्यात सैलपणासाठी दीड आणि शिलाईसाठी एक, असे ११ इंच. कागदाची मधली बाजू कापडाच्या घडीवर ठेवावी. आम्हा कारकुनांनाही जमावा असा हा हिशेब! चुकला तर कागद जातो, कापड नाही.

हेच कटिंग आम्ही सांगलीच्या भाचीला धाडले. तिचे खांदे अरुंद. तिने कागद खांद्यापाशी अर्धा इंच मुडपला. मुंढा घट्ट होईल या भीतीने जुन्या चादरीचा टॉप कापून धावदोऱ्याने जोडून पाहिला. बाजूच्या शिवणीत खिसाही घातला. कॉलेजला जाताना एस.टी.चा पास आता त्यातच असतो.