जालन्याचं जोडपं, मुंबईचा एक दिवस : पायी फिरण्यातून संशोधनप्रश्न कसा काढायचा?

पेट पास झाली, आता विषय काय घ्यायचा? जालना-अंबड-परतूरकडचे विद्यार्थी भेटले की हा प्रश्न ठरलेला. त्यामागोमाग येणारं उत्तरही बहुतेक ठरलेलंच असतं : "जालना जिल्ह्यातील अमुकचा एक चिकित्सक अभ्यास". विषय भारदस्त वाटतो, पण त्यात प्रश्न कुठे आहे ते सापडत नाही. म्हणून आज एक अगदी साधं उदाहरण घेऊ आणि त्यातून अभ्यास करता येईल असा प्रश्न टप्प्याटप्प्याने कसा निघतो ते बघू.

उदाहरण काल्पनिक आहे, पण असं जोडपं आपल्याकडे गल्लोगल्ली भेटेल. समजा, घनसावंगी तालुक्यातले नवरा-बायको. दोघंही चाळिशीतले. मुंबईत एका कार्यालयात कागद जमा करायचा आहे. काम अर्ध्या तासाचं. रात्री जालन्याहून देवगिरी एक्सप्रेस धरली, सकाळी सीएसएमटीला उतरले. साडेअकराला काम झालं. परतीची गाडी रात्री. मधला सगळा वेळ मोकळा. बाई म्हणाल्या, "आलोच आहोत तर समुद्र बघू." मग दोघं पायी निघाले : हुतात्मा चौक, काळा घोडा, गेटवे, तिथून परत ओव्हल मैदान आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. रात्री परत गाडीत.

आता प्रश्न : हे दोघं पर्यटक आहेत का?

पहिला टप्पा : व्याख्या

हसू नका, इथेच अर्धं संशोधन आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या आकडेवारीत देशांतर्गत पर्यटकाची व्याख्या दिलेली असते. थोडक्यात सांगायचं तर : नेहमीच्या राहण्याच्या जागेपासून दुसरीकडे गेलेली, तिथे हॉटेलात, धर्मशाळेत किंवा तशा ठिकाणी किमान २४ तास किंवा एक रात्र राहिलेली व्यक्ती. आपलं जोडपं दोन रात्री घराबाहेर होतं, पण दोन्ही रात्री रेल्वेच्या बर्थवर गेल्या. हॉटेलच्या रजिस्टरमध्ये त्यांचं नाव नाही. म्हणजे या मोजणीत ते नाहीतच.

संयुक्त राष्ट्रांच्या २००८ च्या शिफारशींमध्ये व्याख्या जरा रुंद आहे. तिथे आधी 'भेट देणारा' ठरतो आणि मग त्याचे दोन भाग होतात : मुक्काम करणारा तो पर्यटक, न करणारा तो एकदिवसीय भेट देणारा. प्रवासाचा मुख्य हेतू फक्त मौज हवा असंही नाही. वैयक्तिक काम, दवाखाना, नातेवाइकांकडे जाणं हे सगळं चालतं. इथे आपलं जोडपं निदान दारात तरी उभं राहू शकतं.

तिसरा मार्ग घरातून मोजण्याचा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७२व्या फेरीत (जुलै २०१४ ते जून २०१५) देशांतर्गत पर्यटनखर्चाची माहिती थेट कुटुंबांकडून घेतली गेली. तुम्ही कुठे गेलात, कशासाठी गेलात, खर्च किती झाला, असे प्रश्न घरी जाऊन विचारले. त्यातून काय दिसलं? मुक्कामी प्रवासाचं सर्वांत मोठं कारण सामाजिक होतं, म्हणजे नातेवाईक, लग्नकार्य वगैरे. सुट्टीतली सहल त्याच्या मानाने बरीच मागे.

लक्षात घ्या, माणसं तीच आहेत. मोजायला कुठे उभं राहिलो, हॉटेलच्या काउंटरवर की घराच्या ओट्यावर, यावर ती दिसतात किंवा गायब होतात. आणि हा नुसता शब्दांचा खेळ नाही. पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, बसायला बाक, सामान ठेवायची सोय हे सगळं मोजलेल्या माणसांसाठी आखलं जातं. हॉटेलात खोली घेतलेल्याला तिथलं स्वच्छतागृह आहे. दिवसभर पिशवी खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या बाईला ते रस्त्यावरच हवं असतं, आणि मोजणीत नसलेली नेमकी तीच आहे.

दुसरा टप्पा : सिद्धांत कशासाठी लागतो?

बरेच जण प्रबंधात सिद्धांताचं प्रकरण लोणच्यासारखं बाजूला वाढतात. सिद्धांताचं काम वेगळं आहे. समोर असूनही न दिसणारी गोष्ट तो दाखवतो. आपल्या जोडप्यावर चार जण लावून बघू.

केविन लिंच. 'द इमेज ऑफ द सिटी' हे त्याचं पुस्तक १९६० चं. बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या तीन शहरांतल्या लोकांशी बोलून त्याने विचारलं, तुमच्या डोक्यातलं शहर कसं आहे? त्यातून पाच घटक निघाले : वाटा, कडा, प्रभाग, नाके आणि खुणा. नमुना अगदी लहान होता, बॉस्टनमध्ये तीसेक माणसं आणि इतर दोन शहरांत पंधरा-पंधरा. तरी पुस्तक टिकलं, कारण प्रश्न नेमका होता. (नमुना किती घ्यायचा म्हणून रात्र रात्र जागणाऱ्यांनी हे वाक्य वहीत लिहून ठेवा.)

आता ओव्हल मैदान घ्या. एका बाजूला एकोणिसाव्या शतकातल्या गॉथिक इमारतींची रांग : उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर. समोरच्या बाजूला विसाव्या शतकातल्या आर्ट डेको इमारती. हा सगळा समूह २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. लिंचच्या भाषेत मैदान ही दोन प्रभागांमधली कड. पण आपल्या जोडप्याच्या डोक्यात ते 'पोरं क्रिकेट खेळतात ते मैदान, जिथे आपण डबा खाल्ला' असं असू शकतं. 'फोर्ट'चंही तसंच. देवगिरीचा किल्ला पाहिलेला माणूस फोर्टात आल्यावर विचारणारच, किल्ला कुठाय? तट १८६० च्या दशकात पाडले गेले, नाव तेवढं उरलं. हे नाव स्थानिकाच्या आणि पाहुण्याच्या डोक्यात दोन वेगळी चित्रं उभी करतं, आणि ती दोन्ही नोंदवण्यासारखी आहेत.

मिशेल द सर्तो. शहरात चालण्यावरच्या त्याच्या निबंधाची सुरुवात न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ११० व्या मजल्यावरून खाली बघण्याने होते. वरून शहर नकाशासारखं दिसतं, वाचता येतं. खाली चालणारा मात्र आडवाटेने जातो, थांबतो, रस्ता चुकतो आणि स्वतःचं शहर घडवतो. पर्यटन महामंडळाचं पत्रक म्हणजे वरून पाहिलेलं शहर. चप्पल चावायला लागल्यावर सावली धरून काढलेली वाट म्हणजे खालून जगलेलं शहर.

जॉन उरी. 'द टुरिस्ट गेझ' (१९९०) मध्ये तो म्हणतो की आपण ठिकाण बघतो तेव्हा आधीच मनात असलेली खूण शोधत असतो. पॅरिसमध्ये चुंबन घेणारं जोडपं दिसलं की पर्यटकाला 'रोमँटिक पॅरिस' दिसतं. आपल्याकडे ते काम हिंदी सिनेमाने केलंय. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून फोटो काढणारे लोक समुद्राचा फोटो काढतात की लहानपणी पाहिलेल्या सिनेमाचा?

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे. त्यांचं 'व्हाय लॉयटर?' (२०११) मुंबईवरच आहे. मुद्दा असा : सार्वजनिक जागी असणाऱ्या बाईला सतत काहीतरी 'काम' असल्याचं दाखवावं लागतं. हातात पिशवी, कानाला फोन, पावलात घाई. नुसतं रेंगाळण्याची मुभा तिला नसते. हा चष्मा लावल्यावर आपल्या उदाहरणातला एक साधा तपशील अचानक मोठा होतो. हे दोघं 'फिरायला' आलेलेच नव्हते. कागद जमा करायचा होता. काम होतं म्हणून फिरणं शक्य झालं. घरी सांगायला कारण होतं. मग प्रश्न पडतो : गावाकडच्या किती जोडप्यांचं 'फिरायला जाणं' हे दवाखाना, परीक्षा, कोर्ट, लग्न यांच्या पोटात लपलेलं असतं?

सापडला ना प्रश्न?

तिसरा टप्पा : प्रश्न लिहून बघा

कच्चा विषय : जालना जिल्ह्यातील पर्यटकांचा चिकित्सक अभ्यास.

नेमका प्रश्न : कामासाठी मुंबईला गेलेली जालना जिल्ह्यातली विवाहित जोडपी उरलेल्या वेळात कुठे पायी फिरतात, आणि तो मार्ग दोघांपैकी कोण, कशाच्या आधारे ठरवतं?

यात कोण, कुठे, केव्हा, काय हे चारही आहे. उत्तर आधीच माहीत नाही. आणि एका माणसाला तीन-चार वर्षांत झेपेल इतकंच आहे. आरएसीसमोर हे वाक्य टिकतं का ते बघायचं असेल तर एक सोपी परीक्षा घ्या : उत्तर 'असं' निघालं तर काय आणि 'तसं' निघालं तर काय, हे दोन्ही सांगता येतं का?

'विवाहित' हा शब्दही सहज आलेला नाही. कुटुंबाकडून माहिती घेतली तर अविवाहित जोडपी आपोआप बाहेर राहतात, कारण घरी कुणी ते सांगणार नाही. शहरातही त्यांची वाट सरळ नसते. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी जोडप्यांना ताब्यात घेतलं होतं आणि त्यावर मोठी टीका झाली होती. त्यांना अभ्यासात घ्यायचं की नाही, हा निर्णय तुमचा. पण वगळलं तर तसं लिहा, आणि का वगळलं तेही लिहा.

चौथा टप्पा : पद्धत

घरी बसवून "तुम्ही मुंबईत काय पाहिलं?" असं विचारलं तर यादी मिळेल. गेटवे पाहिला, समुद्र पाहिला. छान वाटलं. संपलं. म्हणून सोबत चालत मुलाखत घेण्याची पद्धत आहे. मार्गारेथे कुसेनबाख यांचा २००३ चा लेख या पद्धतीसाठी आवर्जून वाचा. चालताना माणूस समोरची गोष्ट बघून बोलतो, आठवणी निघतात, कुठे पाय रेंगाळतो आणि कुठे वेग वाढतो ते दिसतं.

जोडप्याच्या बाबतीत मात्र तीन गोष्टी जपाव्या लागतात.

एक : उत्तर कोण देतं? प्रश्न बाईंना विचारला आणि उत्तर नवऱ्याने दिलं, तर ती मुलाखत वाया गेली असं समजू नका. कोण कुणाचं वाक्य तोडतं, कोण कुणाकडे बघून बोलतं, ही सुद्धा माहिती आहे, ती नोंदवा. पण त्यावर थांबू नका. नंतर दोघांशी वेगवेगळं बोला.

दोन : संमती दोघांची वेगवेगळी. "ते हो म्हणाले म्हणजे माझंही हो" ही संमती धरायची नाही. मध्येच थांबायचं स्वातंत्र्य दोघांनाही सारखं, आणि ते तोंडी, साध्या मराठीत सांगायचं.

तीन : मोबाइलवर मार्ग नोंदवलात तर त्यात घर, नातेवाइकाचं घर, दवाखाना सगळं येतं. नाव बदललं तरी नकाशावरून माणूस ओळखता येतो. सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा काढून टाका, आणि हे करणार आहोत हे आधीच सांगा.

आणखी एक मर्यादा : सोबत संशोधक चालत असला की फिरणं बदलतं. जोडपं तुम्हाला 'बघण्यासारखं' काहीतरी दाखवायला लागतं. हे टाळता येत नाही. प्रबंधात ते मोकळेपणाने लिहायचं.

मुंबईला न जाता सराव

तिकीट काढायची गरज नाही. ओळखीच्या एखाद्या जोडप्याला विचारून, जालना स्टेशनपासून गांधी चमन आणि पुढे कुंडलिका ओलांडून मामा चौकापर्यंत सोबत चाला. जुना जालना कुठे संपला आणि नवा कुठे सुरू झाला, हे दोघांना वेगवेगळं विचारा. नदी त्यांच्या लेखी कड आहे का, की पुलावरून जाताना तिकडे लक्षही जात नाही? घरी आल्यावर दोघांना कोऱ्या कागदावर त्याच वाटेचा नकाशा काढायला सांगा, एकमेकांचा न बघता.

दोन नकाशे शेजारी ठेवा. एकात असलेली आणि दुसऱ्यात नसलेली प्रत्येक गोष्ट लाल पेनने गोल करा. सिनॉप्सिसचं पहिलं पान लिहायला घ्याल तेव्हा हे दोन कागद समोर असू द्या.