सुई टोचते, पण शॉक देत नाही

हाडांच्या डॉक्टरांनी ‘एनसीव्ही-ईएमजी’ ही नसा-स्नायूंची तपासणी लिहून दिली की घरात पहिला प्रश्न हमखास येतो: तिथं सुया खुपसून शॉक देतात म्हणे? शॉक असतो, पण तो सुईतून नसतो. एनसीव्हीमध्ये त्वचेवरून छोटे झटके देतात. एकेक झटका सहसा सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाहून मोठा नसतो. ईएमजीची सुई स्नायूत जाते, पण ती फक्त ऐकते. तिच्यातून वीज सोडत नाहीत.

नसेचा वेग काढायला चक्क टेप लागते! मनगटावर एक झटका, कोपरावर दुसरा. दोन्ही जागांमधलं अंतर 22 सेंटिमीटर आणि स्नायूचं उत्तर यायला लागणाऱ्या वेळेतला फरक 4 मिलिसेकंद असेल, तर वेग झाला सेकंदाला 55 मीटर, म्हणजे ताशी 198 किलोमीटर. हाताच्या नसेला 50च्या वरचा वेग चांगला, पायाला 40च्या वरचा.

हा वेग मोजताच येणार नाही, असं योहान्नेस म्युलर या मोठ्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाला वाटायचं. त्याच्याच शिष्यानं, हेल्महोल्ट्झनं, 1850 साली बेडकाच्या नसेवर तो मोजून दाखवला: सेकंदाला साधारण 27 मीटर.

हात गार पडला की नसही मंदावते. तापमान एक अंशानं उतरलं की वेग सेकंदाला सुमारे दोन मीटरनं घटतो. म्हणून एसीतून गारठून आलात तर आधी हात शेकून घेतात. नाहीतर धडधाकट नस उगाच आजारी ठरायची.

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं? अंगठा, त्याशेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर असेल, तर संशय मनगटावर. तिथल्या अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा जातात आणि त्यांच्या गर्दीत या बोटांची नस. करंगळी बधिर असेल तर बहुतेक वेळा कोपर तपासायचं. आणि खुरपणीला तासन्‌तास उकिडवं बसून पाऊल लुळं पडलं, तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाला लागून जाणारी नस.

आता सगळ्यात चक्रावणारी गोष्ट. मणक्याची गादी सरकलीय, पाय बधिर आहे, आणि रिपोर्टमध्ये संवेदनेच्या नसा नॉर्मल! पेशंट हिरमुसतो, घरचे म्हणतात, ‘बघ, काही नाही तुला.’ असं अजिबात नाही. संवेदना वाहणाऱ्या तंतूंच्या पेशी मणक्यापाशी एका गाठीत असतात आणि गादीचा दाब सहसा त्या गाठीच्या आतल्या बाजूला, पाठीच्या कण्याकडे पडतो. गाठीपासून पावलापर्यंतचा तंतू शाबूत राहतो. त्याची तपासणी चांगली येते, फक्त निरोप पुढे मेंदूकडे जाताना अडतो. म्हणून मग सुईनं पायाचे आणि पाठीचे स्नायू तपासतात. दाब फक्त संवेदनेच्या मुळावर असेल तर सुईलाही काही सापडत नाही. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे दुखणं खोटं, असं कुणी कुणाला सुनावू नये.

ईएमजीच्या खोलीत स्पीकर असतो, कारण डॉक्टर स्नायू कानानंही तपासतात. निवांत, निरोगी स्नायू जवळजवळ गप्प असतो. नस तुटलेल्या स्नायूतून पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी टपटप येते. पकड लवकर न सुटण्याच्या मायोटोनिया या आजारात तर सूर मारणाऱ्या विमानासारखा चढता-उतरता आवाज! ऐकायची ही बारीक सुई एड्रियन आणि ब्रॉन्क यांनी 1929 साली आणली. एड्रियन यांना 1932चं नोबेल मिळालं, ते नसांवरच्याच कामासाठी.

दंडाचं हाड मोडलं आणि मनगट लुळं पडलं, तर दुसऱ्याच दिवशी तपासणीचा हट्ट धरू नका. तुटलेल्या नसेचा खालचा तुकडाही काही दिवस झटक्याला उत्तर देत राहतो, आणि ती टपटप ऐकू यायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून सहसा तीन आठवडे थांबतात. अशी बरीच मनगटं आपोआप सुधारतात. नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर, आणि बोट हललेलं डोळ्यांना दिसण्याआधीच सुईला तिची चाहूल लागते.

जायच्या दिवशी अंगाला तेल, क्रीम लावू नका, अंगठ्या-बांगड्या घरी ठेवा. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. आणि त्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करून जाऊ नका.