रक्तातली जुनी ठेव

पावसाळा लागला की लोणावळ्यापासून कामशेत-वडगावपर्यंत मावळातल्या घराघरांत कुणी ना कुणी तापाने अंथरूण धरते. एकाच छताखाली राहणाऱ्या, एकाच माठातले पाणी पिणाऱ्या दोन भावांपैकी एक आठ दिवस उठत नाही आणि दुसरा दोन दिवसांत हिंडूफिरू लागतो. आपण म्हणतो, ज्याची त्याची प्रकृती. खाणेपिणे, वय, आधी होऊन गेलेले आजार यांचा त्यात वाटा असतोच. पण एक वाटा फार जुना आहे. तो आईबापांकडून, त्यांच्या आईबापांकडून, हजारो वर्षांपासून चालत आला आहे.

आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी या अभ्यासकांनी 1968 पासून तिथे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत घरांच्या जमिनीखाली दोन-दोन मडकी तोंडाला तोंड लावून पुरलेली सापडली. आत लहान बाळांचे सांगाडे होते. तिथल्या दफनांत बहुतेक मुलेच होती. ज्या आईने आपले बाळ घराबाहेर न नेता पायाखालच्या जमिनीत, आपल्याजवळच ठेवले, तिचे दुःख समजायला इतिहास शिकावा लागत नाही.

त्या काळी तापातून, हगवणीतून जी मुले वाचली तीच पुढे आईबाप झाली. वाचण्यात ज्या जनुकांचा हात होता, ती पुढच्या पिढीत थोडी अधिक पसरली. उत्क्रांती या शब्दावरून घरात वाद झडतात. तो वाद क्षणभर बाजूला ठेवला तरी पिढ्यान्‌पिढ्या चालणारी ही चाळणी नाकारता येत नाही.

मलेरियाने ही चाळणी सर्वांत कडक फिरवली. त्याचा जंतू तांबड्या रक्तपेशीत शिरून वाढतो. काहींच्या हिमोग्लोबिनमध्ये असा फरक होता की तिथे त्या जंतूचे नीट भागत नसे. पुढे भारतात स्थायिक झालेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1949 मध्ये थॅलेसेमियाबाबत हा तर्क मांडला, तर 1954 मध्ये ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून सिकल सेलबाबत तो दाखवून दिला. आईकडून किंवा बापाकडून असे एकच जनुक आले तर मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. पण दोघांकडूनही आले तर मूल आजार घेऊनच जन्मते. थॅलेसेमिया मेजर झालेल्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते.

कोरोनाच्या काळातही असेच दिसले. झेबर्ग आणि पेबो या शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये दाखवले की गंभीर कोरोनाचा धोका वाढवणारा एक जनुकीय तुकडा प्राचीन निअँडरथल मानवाकडून आला आहे. दक्षिण आशियात सुमारे निम्म्या लोकांमध्ये तो आढळतो. त्याच मानवाकडून आलेला दुसरा एक तुकडा मात्र त्याच आजारात थोडे संरक्षण देतो. म्हणजे पूर्वजांनी ठेवलेल्या गाठोड्यात ढालही आहे आणि काटाही.

आता घरातली गोष्ट. “आमच्या खानदानात असले काही नाही,” हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे. पण मावळातली वाट किती जुनी आहे ते पाहा. बंदरांतून घाट चढून आलेले व्यापारी कार्ल्यावरून देशावर जात. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर दान देणाऱ्या ‘यवनां’चीही नावे कोरलेली आहेत. इतक्या वाटांनी माणसे आली आणि मिसळली, तिथे कुणाच्या रक्तात काय आहे हे आडनावावरून कसे कळणार?

त्यात आपल्याकडे चुलत, मामे, मावसभावंडांत सोयरीक होते. शरीयतने तिची मनाई केलेली नाही. पण एकाच आजोबांकडून आलेले जनुक नवरा-बायको दोघांतही असण्याची शक्यता अशा नात्यात वाढते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते.

उपाय साधा आहे. मंगनीआधी मुलगा आणि मुलगी दोघांचीही सीबीसी आणि एचपीएलसी ही रक्ततपासणी करून घ्यावी. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. एकच जण वाहक असेल तर मुलाला मेजर आजार होत नाही. त्यामुळे वाहक निघालेल्या मुलीला नाव ठेवून सोयरीक मोडणे हा निव्वळ जुलूम आहे. दोघेही वाहक निघाले तर डॉक्टरांशी आणि जाणत्या आलिमांशी बोलून, सर्व समजून मगच निर्णय घ्यावा. इराणने 1997 पासून आणि सौदी अरेबियाने 2004 पासून निकाहाआधी अशी तपासणी सक्तीची केली आहे. आपल्याकडेही सिकल सेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 2023 मध्ये सुरू झाले.

आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण मुलांना सांगतो. इनामगावच्या आईजवळ उंट बांधायला दोरी नव्हती. आपल्याजवळ ती आहे. लग्नाच्या खर्चाची यादी कराल तेव्हा मेहंदी, मंडप आणि बिर्याणीच्या वर ही एक तपासणी लिहा.